बटणामागची आज्ञा : लिनक्स डेस्कटॉपवरील काही उपयुक्त आज्ञांचा अभ्यास

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी संगणक-कक्षातर्फे एक अभ्यासलेख द्यावा, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले, तेव्हा वार्षिक स्नेहसंमेलनातील एक प्रसंग आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. सभागृह भरले होते. जागा न मिळालेले पालक मागच्या भिंतीलगत उभे होते. त्यांतील कित्येक रात्रीच्या एस.टी.ने प्रवास करून आले होते. पडद्यावर गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे दाखवावयाची होती : डावीकडे छायाचित्र, उजवीकडे नाव व गाव. प्रोजेक्टर सुरू झाला, छायाचित्रे दिसू लागली. परंतु नावे मात्र पडद्याच्या काठाबाहेर गेली होती. मागून एका आईचा आवाज आला, "माझ्या पोरीचं नाव कुठंय?"

आम्ही शिक्षक लॅपटॉपभोवती गोळा झालो. सेटिंगच्या खिडकीतील एकामागून एक बटण दाबून पाहिले. दर वेळी चित्र कुठेतरी सरके, पण नावे काही आत येत ना. तेवढ्यात नववीतील एक विद्यार्थिनी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "सर, मी बघू का?" तिने काळी खिडकी उघडली, एक शब्द टंकला, उमटलेली यादी वाचली, मग एक लांब ओळ टंकली. पडदा क्षणभर अंधारला आणि पुन्हा उजळला, तेव्हा छायाचित्रांशेजारी सर्व नावे होती.

त्या मुलीला जे ठाऊक होते ते आम्हीच तिच्या वर्गाला कधीतरी शिकविले होते. घाईत आम्ही ते विसरलो. ती विसरली नव्हती. बटण कोठे आहे हे आम्ही शोधत होतो, आणि ते बटण यंत्राला काय सांगते हे तिला माहीत होते. या दोहोंतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. चित्रमय डेस्कटॉप आणि आज्ञा

आपल्या संगणक-कक्षातील बहुतेक यंत्रे जुनी आहेत. हितचिंतकांनी वापरून झाल्यावर ती विद्यालयास दिली. त्यांवर आपण लिनक्स ही प्रणाली आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसविला आहे. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहावयास घेतला. त्याआधी १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली होती. सॉफ्टवेअर कोणासही वापरता यावे, त्याची रचना अभ्यासता यावी, त्यात बदल करता यावा आणि ते इतरांना देता यावे, हा त्या चळवळीचा आग्रह. यांपैकी अभ्यासाची मुभा आमच्यासारख्या शाळेस सर्वांत मोलाची वाटते.

पडद्यावरील खिडक्या, चिन्हे व बटणे हे सारे चित्रमय जग दाखविण्याचे काम अनेक वर्षे 'एक्स' नावाची खिडकी-व्यवस्था करीत आली आहे. तिचा आरंभ १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली आणि तिची परंपरा आजही चालू आहे. या पायावर पुढे केडीई, एक्सएफसीई, ग्नोम असे वेगवेगळे डेस्कटॉप उभे राहिले. प्रत्येकाची बटणे निराळ्या जागी. नवी आवृत्ती आली की तीही हलतात. आज्ञा मात्र क्वचितच बदलते. म्हणून आमचे मत असे, की विद्यार्थ्याने बटणे अवश्य वापरावीत. परंतु दहा-पंधरा आज्ञा त्याच्या हाताला असाव्यात. येथून बाहेर पडल्यावर तो कोणत्या यंत्रापुढे बसेल हे आपणांस ठाऊक नाही.

आज्ञा 'टर्मिनल' नावाच्या खिडकीत टंकावयाच्या असतात. बहुतेक डेस्कटॉपवर कंट्रोल, अल्ट व टी या कळा एकत्र दाबल्या की ती उघडते. पुढील आज्ञा आम्ही देवनागरीत उच्चारानुसार छापल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत (पडद्यांची नावे मात्र यादीत दिसतील तशीच) आणि इंग्रजी अंकांत टंकाव्यात. प्रत्येक आज्ञेची अक्षरे लेखाच्या शेवटी दिली आहेत. आज्ञेनंतर एक किंवा दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे शब्द म्हणजे 'पर्याय'; काम कसे करावे हे ते सांगतात. रेघ, मोकळी जागा आणि लहान-मोठे अक्षर यांत चूक झाली तर यंत्र ऐकत नाही. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ते काय खटकले ते सांगते. तो संदेश वाचण्याची सवय लावणे हाच पहिला पाठ.

२. पडदा आणि प्रोजेक्टर

आता स्नेहसंमेलनातील कोड्याकडे वळू. त्या मुलीने टंकलेला पहिला शब्द होता 'एक्सरँडआर'. ही आज्ञा एकटी दिली, की यंत्राला कोणकोणते पडदे जोडले आहेत आणि प्रत्येकास कोणकोणते आकार चालतात याची यादी उमटते. आमच्या लॅपटॉपच्या पडद्याचे नाव होते एलव्हीडीएस-१ आणि प्रोजेक्टरचे व्हीजीए-१. नावे यंत्रागणिक बदलतात, म्हणून आधी यादी वाचणे आवश्यक.

यादीत तिला कारण सापडले. लॅपटॉपचा पडदा १३६६ बिंदू रुंद व ७६८ बिंदू उंच होता. प्रोजेक्टर १०२४ बिंदू रुंद व ७६८ बिंदू उंच. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखविण्याची सेटिंग आम्ही केली होती, पण प्रत्येकाचा आकार तसाच ठेवला होता. अशा वेळी दोघांचा वरचा डावा कोपरा जुळतो, आणि लहान पडद्यात न मावणारा भाग बाहेर राहतो. १३६६ मधून १०२४ वजा केले की उरतात ३४२ बिंदू. मुलांची नावे त्या ३४२ बिंदूंच्या उजव्या पट्टीत अडकली होती. उंची सारखीच असल्यामुळे खालचे काही कापले गेले नाही. म्हणूनच दोष आमच्या चटकन ध्यानात आला नाही.

उपाय एका ओळीचा. लॅपटॉपचाही आकार प्रोजेक्टरएवढा करावयाचा :

एक्सरँडआर --आउटपुट एलव्हीडीएस-१ --मोड १०२४एक्स७६८ --आउटपुट व्हीजीए-१ --मोड १०२४एक्स७६८ --सेम-ॲज एलव्हीडीएस-१

'आउटपुट' म्हणजे कोणता पडदा, 'मोड' म्हणजे कोणता आकार, 'सेम-ॲज' म्हणजे कोणासारखे. शेवटच्या पर्यायाऐवजी 'राइट-ऑफ' लिहिले, तर प्रोजेक्टर लॅपटॉपच्या उजवीकडे जोडलेला स्वतंत्र पडदा होतो. वक्त्याला स्वतःपुरते टिपण समोर ठेवावयाचे असेल तेव्हा ही सोय उत्तम. कार्यक्रम संपला की दोन्ही पडद्यांना '--ऑटो' हा पर्याय द्यावा. प्रत्येक पडदा आपल्या मूळ आकाराला परततो.

याच प्रसंगी उपयोगी पडणारी दुसरी आज्ञा म्हणजे 'एक्ससेट'. माहितीपट चालू असता मध्येच पडदा काळा पडणे हा अनुभव प्रत्येक शाळेस असेल. बराच वेळ कोणी कळ दाबली नाही, की यंत्र पडदा झोपविते. 'एक्ससेट एस ऑफ' आणि 'एक्ससेट -डीपीएमएस' या दोन आज्ञा कार्यक्रमाआधी दिल्या तर ते थांबते. दुसऱ्या आज्ञेतील रेघ वजाबाकीच्या अर्थाची आहे : वीज वाचविणारी पडद्याची झोप काढून टाक.

३. उघडणे, नकलणे आणि अडलेली खिडकी बंद करणे

'एक्सडीजी-ओपन' ही आज्ञा फाइलचे नाव घेते आणि ती ज्या प्रोग्रामात उघडावयास हवी त्यातच उघडते. पीडीएफ असेल तर पीडीएफ-वाचकात, छायाचित्र असेल तर चित्र-दर्शकात, संकेतस्थळाचा पत्ता असेल तर ब्राउझरमध्ये. 'एक्सडीजी-ओपन .' म्हणजे आज्ञेनंतर नुसते एक टिंब दिले, तर आपण ज्या फोल्डरमध्ये काम करीत आहोत तेच फोल्डर खिडकीत उघडते. वेगवेगळ्या डेस्कटॉपमध्ये एकवाक्यता असावी या हेतूने २००० साली फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू झाला. ही आज्ञा त्याच प्रयत्नाचे फळ. तुमचा डेस्कटॉप कोणताही असो, आज्ञा एकच.

'एक्सक्लिप' ही आज्ञा एखाद्या फाइलमधील मजकूर नक्कल-स्मृतीत ठेवते. 'एक्सक्लिप -सिलेक्शन क्लिपबोर्ड < यादी' असे दिले, की 'यादी' या फाइलमधील सर्व मजकूर नकलला जातो आणि कोणत्याही खिडकीत चिकटविता येतो. येथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. एक्समध्ये नेहमीच्या वापरातील नक्कल-स्मृती दोन असतात. कंट्रोल व सी दाबून नकललेला मजकूर एकीत जातो. माउसने नुसता निवडलेला मजकूर दुसरीत जातो आणि माउसच्या मधल्या बटणाने चिकटतो. 'सिलेक्शन क्लिपबोर्ड' असे न सांगितल्यास एक्सक्लिप दुसरीत मजकूर ठेवते, आणि नवशिका विद्यार्थी "सर, नक्कल झालीच नाही" म्हणून तक्रार करतो. ती झालेली असते; तो ती दुसऱ्या खिशात शोधत असतो.

कधी एखादी खिडकी गोठून जाते; तिचे बंद करण्याचे बटणही ऐकत नाही. अशा वेळी पूर्वी आमच्या कक्षात मुले थेट विजेचे बटण बंद करीत, आणि शेजारच्या खिडकीत लिहिलेला निबंधही त्याबरोबर जाई. त्याऐवजी 'एक्सकिल' टंकावे. माउसच्या बाणाचे रूप बदलते. मग ज्या खिडकीवर क्लिक करू ती बळजबरीने बंद होते, बाकीच्या सुरक्षित राहतात. मात्र त्या खिडकीतील न साठविलेला मजकूर परत मिळत नाही. क्लिक खिडकीवरच व्हावे ही दक्षताही घ्यावी, कारण मोकळ्या डेस्कटॉपवर किंवा पट्टीवर केल्यास ते दाखविणारा प्रोग्रामच बंद पडू शकतो.

४. मराठीसाठी दोन आज्ञा

पालकांकडून येणाऱ्या फाइल उघडल्यावर कधी अक्षरांऐवजी चौकोनी डबे दिसतात. असे झाले की यंत्रात देवनागरी दाखविणारा टंक आहे का, हे प्रथम पाहावे. आज्ञा अशी : 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर'. येथील 'एमआर' हे मराठी भाषेचे आंतरराष्ट्रीय संक्षिप्त नाव. मराठी लिहिता येईल अशा सर्व टंकांची यादी उमटते. यादी रिकामी आली, तर देवनागरी टंक बसवावा लागेल. यादी भरलेली असूनही मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांत दिसत असेल, तर तो बहुधा युनिकोडपूर्व काळातील टंकात लिहिलेला आहे. तेथे दोष यंत्राचा नव्हे, आणि नवा युनिकोड टंक बसवूनही तो जाणार नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. या एका आज्ञेने निदान नेमके होते व अर्धा दिवस वाचतो.

लिहिण्यासाठी 'सेटएक्सकेबीमॅप' ही आज्ञा कळफलकाची मांडणी ठरविते :

सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,आयएन -व्हेरियंट ,मार-कागपा -ऑप्शन जीआरपी:अल्ट_शिफ्ट_टॉगल

'यूएस' ही नेहमीची इंग्रजी मांडणी, 'आयएन' ही भारतीय. तिच्यातील 'मार-कागपा' हा उच्चारानुसार मराठी लिहिण्याचा प्रकार. स्वल्पविरामाआधी काही नाही, कारण इंग्रजी मांडणीला वेगळा प्रकार द्यावयाचा नाही. शेवटच्या पर्यायामुळे अल्ट व शिफ्ट एकत्र दाबले, की इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत जाता येते. आमच्या पाचवीच्या वर्गात ज्या दिवशी ही आज्ञा चालते, त्या दिवशी प्रत्येक मूल प्रथम काय टंकते हे सांगावयास नको. ते आपले नाव टंकते, आणि बहुतेक जण त्यानंतर आईचे.

५. ज्याच्या त्याच्या हाताला आणि डोळ्यांना

एक डावखुरा विद्यार्थी माउस उजव्या हातात धरून अवघडल्यासारखा काम करीत असे. त्याच्यासाठी 'एक्समॉडमॅप -ई "पॉइंटर = ३ २ १"' ही आज्ञा दिली. तिने माउसच्या डाव्या व उजव्या बटणांची कामे अदलाबदल होतात. पुन्हा '१ २ ३' दिले की पूर्ववत. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्यासाठी ग्नोम डेस्कटॉपवर पुढील आज्ञा सर्व खिडक्यांतील अक्षरे दीडपट करते :

जीसेटिंग्ज सेट ओआरजी.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर १.५

'सेट'च्या जागी 'रीसेट' लिहून शेवटचा आकडा गाळला, की अक्षरे मूळ आकाराला येतात.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. एक्सरँडआर, एक्ससेट, सेटएक्सकेबीमॅप व एक्समॉडमॅप यांनी केलेला बदल लॉगआउट होईपर्यंतच टिकतो. जीसेटिंग्जने केलेला बदल यंत्र बंद करून सुरू केले तरी राहतो. पहिल्या प्रकारची आज्ञा रोज लागत असेल, तर ती डेस्कटॉपच्या आरंभी आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत घालावी. शिकणाऱ्यास मात्र तात्पुरतेपणाच सोयीचा. चूक झाली तरी लॉगआउट करून पुन्हा आत आले, की सारे पूर्वीसारखे. म्हणून मुलांना या आज्ञा निर्धास्तपणे करून पाहू द्याव्यात.

६. यंत्राने माणसाशी बोलावे, यासाठी

आतापर्यंतच्या आज्ञा आपण यंत्रास देत होतो. आता ज्या दोन आज्ञा सांगावयाच्या, त्यांनी यंत्र माणसाशी बोलते.

'नोटिफाय-सेंड' ही आज्ञा पडद्याच्या कोपऱ्यात छोटी सूचना दाखविते. 'स्लीप १५००; नोटिफाय-सेंड "वेळ झाली" "फाइल साठवा व जागा पुढच्या मित्राला द्या"' असे तासिकेच्या आरंभी दिले, की १५०० सेकंदांनी, म्हणजे पंचवीस मिनिटांनी, सूचना येते. दोन मुलांमागे एक यंत्र असलेल्या आमच्या कक्षात या ओळीने बरेच तंटे मिटविले आहेत.

'झेनिटी' त्याहून पुढे जाते. ती खिडकी उघडून माणसास विचारते, माणूस उत्तर देतो, आणि ते उत्तर पुढच्या आज्ञेला मिळते. 'झेनिटी --क्वेश्चन' हो-नाही विचारते, '--एंट्री' मजकूर मागते, '--लिस्ट' यादीतून निवडू देते, '--कॅलेंडर' तारीख विचारते, '--स्केल' सरकपट्टीवर आकडा निवडू देते. खिडकीतील मजकूर मराठीत लिहिता येतो. केडीई डेस्कटॉपवर हेच काम 'केडायलॉग' करते.

दहावीतील एका विद्यार्थ्याने या आज्ञेचा जो उपयोग केला तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. वसतिगृहात रात्री किती मुले जेवणार हा आकडा रोज बदलतो : कोणी गावी जाते, कोणी परत येते, कोणी आजारी असते. हा आकडा भोजनगृहातील मावशी पाटीवर लिहीत आणि पाटी पुसली जाई. मावशींना टंकता येत नव्हते. "मला कुठं येतंय ते संगणकाचं," असे त्या म्हणत. मुलाने भोजनगृहालगतच्या यंत्रावर एक चिन्ह तयार केले. ते दाबले की सरकपट्टी येई, मावशी आकडा जुळवून होकार देत, आणि तो 'जेवण' नावाच्या फाइलमध्ये शेवटी जोडला जाई. ती फाइल पाहून कोठी सांभाळणारे काका शिधा मोजून देत. त्याची ओळ अशी होती :

एन=$(झेनिटी --स्केल --टेक्स्ट="आज रात्री जेवायला किती?" --मॅक्स-व्हॅल्यू=२०० --व्हॅल्यू=१००); एको "$एन" >> जेवण

काही आठवडे सारे सुरळीत चालले. एका संध्याकाळी मावशींनी खिडकी उघडली आणि कोणी हाक मारली म्हणून ती रद्द करून त्या उठल्या. फाइलमध्ये कोरी ओळ जोडली गेली. काकांना आकडा दिसला नाही. त्यांनी आदल्या दिवसाइतकाच शिधा दिला. त्याच दिवशी गावी गेलेली बरीच मुले परतली होती. जेवण कमी पडले आणि रात्री दुसऱ्यांदा भात टाकावा लागला. मुलांना कोणी बोलले नाही. परंतु तो विद्यार्थी भात शिजेपर्यंत चुलीशेजारी उभा होता, आणि त्याचा प्रोग्राम आम्ही तपासल्यावाचून चालू दिला होता ही चूक आमची होती.

दुसऱ्या दिवशी दोष सापडला. प्रत्येक आज्ञा संपताना यंत्रास एक आकडा सांगते : काम ठरल्याप्रमाणे झाले तर शून्य, न झाल्यास अन्य काही. झेनिटीची खिडकी होकार देऊन बंद केली तर हा आकडा शून्य, रद्द केली तर एक. परंतु दोन आज्ञांमध्ये अर्धविराम घातला, तर पहिलीचे काय झाले हे न पाहताच दुसरी चालते. अर्धविरामाच्या जागी '&&' हे चिन्ह घातले, तर पहिली शून्य सांगून संपली तरच दुसरी चालते. मुलाने तेवढे एक चिन्ह बदलले. त्याच्या जोडीला आणखी एक ओळ घातली : खिडकी रद्द झाली, तर 'आजचा आकडा नोंदला नाही' अशी सूचना पडद्यावर येते. त्यानंतर कोरी ओळ पडली नाही. मावशी आता स्वतःच नव्या मुलींना ती पट्टी कशी सरकवावी हे दाखवितात.

७. एक मर्यादा

२००८ साली क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी एक्सच्या जागी येऊ शकेल अशा 'वेलँड' या व्यवस्थेचा आरंभ केला. नव्या उबुंटूसह अनेक प्रणालींत आता तीच प्रथम सुरू होते. वेलँडमध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू किंवा ढवळाढवळ करू शकत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे इष्टच. परंतु त्यामुळे एक्सरँडआर, एक्सकिल, एक्ससेट, एक्समॉडमॅप, सेटएक्सकेबीमॅप या आज्ञा तेथे पूर्वीप्रमाणे काम करीत नाहीत. तेथे पडद्याचा आकार डेस्कटॉपच्या सेटिंगमधून बदलावा, आणि एक्सक्लिपऐवजी 'डब्ल्यूएल-कॉपी' ही आज्ञा वापरावी. एक्सडीजी-ओपन, नोटिफाय-सेंड, झेनिटी, जीसेटिंग्ज व एफसी-लिस्ट दोहोंकडे चालतात. आपल्या यंत्रावर कोणती व्यवस्था आहे हे 'एको $एक्सडीजी_सेशन_टाइप' या ओळीने कळते. यातील डॉलर-चिन्हानंतरची अक्षरे मात्र मोठी टंकावीत. उत्तर 'एक्स११' किंवा 'वेलँड' असे येईल. मूळ आज्ञा क्वचित बदलतात असे आम्ही वर म्हटले. त्या बदलतात तेव्हा कारण असते, आणि ते कारण जाणणाऱ्यास नवी आज्ञा शिकणे जड जात नाही.

८. समारोप

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की घरी किंवा कार्यालयात बाजूला पडलेला जुना संगणक टाकून देण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालते का ते पाहावे आणि घरातील मुलांना वरील आज्ञा करून दाखवाव्यात. मुंबईच्या आयआयटीने चालविलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. त्यांचा लाभ घ्यावा. पालकांस सांगावयाचे ते इतकेच : तुमचे मूल काळ्या खिडकीत काहीतरी टंकत बसले आहे म्हणून ते खेळत आहे असे समजू नका. त्याला विचारा, "हे बटण काय करतं?" ते जर सांगू शकले, तर त्याचा अभ्यास नीट चालला आहे.

ज्याला आज्ञा कळते त्याला दुसऱ्यासाठी बटण तयार करता येते. ज्या मुलीने सभागृहात नावे पडद्यावर आणली आणि ज्या मुलाने मावशींसाठी सरकपट्टी केली, त्या दोघांच्याही घरी तेव्हा संगणक नव्हता. जे शिकले ते त्यांनी याच कक्षात, इतरांनी वापरून दिलेल्या यंत्रांवर शिकले, आणि लगेच कोणाच्या तरी उपयोगी आणले. संगणक-कक्षाच्या कामाचा हिशेब मांडावयाचा तर आम्ही याच दोन गोष्टी पुढे ठेवू.

सरावासाठी

१. एक्सरँडआर ही आज्ञा देऊन आपल्या पडद्याचे नाव व आकार वहीत लिहा.
२. एफसी-लिस्टच्या मदतीने आपल्या यंत्रावर मराठीसाठी किती टंक आहेत ते मोजा.
३. दहा मिनिटांनी पाणी पिण्याची आठवण करून देणारी ओळ लिहा.
४. झेनिटीच्या सहाय्याने वडीलधाऱ्यांपैकी कोणाच्या तरी रोजच्या कामास उपयोगी पडेल अशी एक खिडकी तयार करा. ती रद्द केल्यास काय होते, ते आधी स्वतः तपासा आणि मगच त्यांना द्या.

आज्ञा व त्यांची अक्षरे

एक्सरँडआर : एक्स आर ए एन डी आर. पडद्याची मांडणी व आकार.
एक्ससेट : एक्स एस ई टी. पडद्याची झोप थांबविणे.
एक्सडीजी-ओपन : एक्स डी जी, आडवी रेघ, ओ पी ई एन. योग्य प्रोग्रामात उघडणे.
एक्सक्लिप : एक्स सी एल आय पी. मजकूर नकलणे.
एक्सकिल : एक्स के आय एल एल. अडलेली खिडकी बंद करणे.
एफसी-लिस्ट : एफ सी, आडवी रेघ, एल आय एस टी. टंकांची यादी.
सेटएक्सकेबीमॅप : एस ई टी एक्स के बी एम ए पी. कळफलकाची मांडणी.
एक्समॉडमॅप : एक्स एम ओ डी एम ए पी. माउसच्या बटणांची अदलाबदल.
जीसेटिंग्ज : जी एस ई टी टी आय एन जी एस. ग्नोमची टिकाऊ सेटिंग.
नोटिफाय-सेंड : एन ओ टी आय एफ वाय, आडवी रेघ, एस ई एन डी. सूचना दाखविणे.
झेनिटी : झेड ई एन आय टी वाय. खिडकीतून प्रश्न विचारणे.

यांपैकी एखादी आज्ञा यंत्रावर नसेल, तर डेबियन, उबुंटू व मिंट या प्रणालींवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल' असे लिहून पुढे प्रोग्रामाचे नाव द्यावे. झेनिटी व एक्सक्लिप त्याच नावाने मिळतात. कोणत्याही आज्ञेची सविस्तर माहिती हवी असल्यास 'मॅन' हा शब्द टंकून, जागा सोडून, पुढे त्या आज्ञेचे नाव लिहावे.